अर्ली मॉडर्न हिस्टरीत एमए करायचंय, घरी मोडी कागद आहे, पुढे काय? (इंदूर)

रामबागेतली_रेवा | शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इंदूरची, बीएचं शेवटचं वर्ष चालूये. एमए इतिहासातच करायचं आणि त्यातही साधारण १५०० ते १८००, ज्याला हल्ली अर्ली मॉडर्न म्हणतात तो काळ, एवढं माझ्यापुरतं पक्कं आहे. घरी मात्र माणसं चार आणि मतं पाच. बाबा म्हणतात बीएड कर, शाळेत चिकटशील. आई म्हणते कर काय करायचंय ते पण इंदुरात राहून कर. आजोबा म्हणतात इतिहास आपल्या ट्रंकेत आहे, तो सोडून बाहेर कुठं निघालीस.

ट्रंकेत खरंच एक कागद आहे. आजोबांच्या मते ती होळकरांनी आमच्या पूर्वजाला दिलेली गावाची सनद आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहतो आम्ही. मोडीत आहे त्यामुळे वाचता कुणालाच येत नाही, आजोबांनाही नाही, त्यांच्या वडिलांना यायचं म्हणे.

आता माझी अडचण. कॉलेजात मध्ययुगीनचा पेपर औरंगजेब मेला की संपतो, १७०७, आणि आधुनिकचा प्लासीला सुरू होतो, १७५७. मधली पन्नास वर्षं फाटक्या खिशातून पडल्यासारखी गायब. आणि त्याच पन्नास वर्षांत मराठे माळव्यात आले, १७२८ ला अमझेऱ्याची लढाई, मग शिंदे-होळकर-पवारांच्या वाटण्या, १७३८ ला माळवा मराठ्यांकडे देणारा दुराई सराईचा तह, म्हणजे आपण मराठी लोक इंदुरात का आहोत याचं उत्तरच तिथं आहे आणि ते सिलॅबसात दोन ओळींत उरकलंय. सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेत येत नाही.

तर विचारायचंय हे की एमए कुठून करावं, इंग्रजी बेताचंच आहे त्याचं काय, फारसी शिकावी लागते का, आणि हे सगळं करून पोटापाण्याचं काय होतं ते पण खरं खरं सांगा.

पाचवा_अटेम्प्ट | रात्री १०:५५

एमए कर पण सोबत यूपीएससीला हिस्टरी ऑप्शनल घे, एका दगडात दोन पक्षी. (माझा दगड अजून हवेतच आहे तो भाग वेगळा.)

खिचडीवाली | रात्री ११:१०

वाचतेय. मला एक बेसिक शंका, हे अर्ली मॉडर्न म्हणजे नक्की काय? आमच्या वेळी प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन, तीन डबे होते, झाकण लावलं की झालं.

बोरू_दौत | रात्री ११:४८

रेवा, मी मूळचा लोकमान्यनगरचा, आता पुण्यात असतो, पीएचडी याच काळावर केली त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे, चहा घेऊन बस.

आधी खिचडीवालींचा प्रश्न. युरोपात हा शब्द साधारण १५०० ते १८०० साठी वापरतात, छापखान्यानंतर आणि फ्रेंच क्रांतीपर्यंत असं धर. आपल्याकडे १९९० नंतर बऱ्याच अभ्यासकांनी तो उचलला कारण मोगल, विजयनगर, मराठे यांना नुसतं मध्ययुगीन म्हटलं की बाराव्या शतकापासून सगळं एकाच ठिकाणी गोठून पडलंय असं वाटतं. आणि या तीनशे वर्षांत तर केवढी उलथापालथ आहे. समुद्रमार्गाने जग जोडलं गेलं, अमेरिकेतली चांदी फिरत फिरत सुरतेत येऊन तिचे रुपये पडायला लागले, तोफा-बंदुकांनी लढाई बदलली, जमिनीची मोजणी आणि वसूल कागदावर यायला लागला.

समजायला सोपं म्हणून उद्या रात्री सराफ्यात, आपल्या खाऊगल्लीत जा. भुट्ट्याचा कीस, मका अमेरिकेतला. साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा ज्या कंदाचा तो अमेरिकेतला, वरचे शेंगदाणे आणि मिरची पण तिकडचीच. बटाटा तर विचारूच नकोस. हे सगळं कोलंबसानंतर आलं, बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून. तंबाखू आली आणि इतकी पसरली की जहांगिराला १६१७ ला बंदी घालावी लागली. सराफ्यात गराडूचा कंद तेवढा इथला जुना, आणि जिलबी मध्ययुगीन, अरबी-फारसी जुलबियाची लेक. बाकी अख्खा सराफा अर्ली मॉडर्न आहे.

खिचडीवाली | रात्री ११:५२

उपासाच्या खिचडीत उपासाचं काहीच उरलं नाही की हो 😭

सुदामानगरचे_काका | शनिवार, सकाळी ६:२०

सुप्रभात. चर्चा छान. पण मला हा शब्दच पटत नाही. युरोपाला मॉडर्न व्हायचं होतं म्हणून त्यांनी आधी 'अर्ली' ठेवलं. आपण का म्हणून त्यांच्या गजाने आपलं कापड मोजायचं? शिवकाल, पेशवाई, होळकरशाही असे आपले शब्द आहेत की. मी बँकेतून निवृत्त झालो, इतिहासाचा अभ्यासक नाही, पण चाळीस वर्षं लेजरं पाहिली. ज्याचं लेजर त्याचे हेड्स.

बोरू_दौत | सकाळी ९:०५

काका, मुद्दा बरोबर आहे आणि यावर भांडणारे बरेच आहेत, एमएच्या पहिल्या सेमिस्टरला निम्मा वेळ याच भांडणात जातो. माझं मत विचाराल तर पेशवाई म्हटलं की पुणं दिसतं, होळकरशाही म्हटलं की राजवाडा आणि महेश्वर दिसतं, पण त्याच वेळी बऱ्हाणपुरात कापड विणणारा आणि त्याचं कापड सुरतेत भरणारा डच कारकून या दोघांना एका पानावर आणायला कुठलाच घरचा शब्द पुरत नाही. तेवढ्यापुरता हा वापरायचा.

रेवा, आता तुझं. फारसी लागते का? मोगल सुभ्याचा माळवा करायचा असेल तर हो. मराठ्यांचा माळवा करायचा असेल तर आधी मोडी, फारसी नंतर. आणि इथं तू पुढे आहेस हे तुझ्या लक्षात आलेलं नाही. दिल्लीत माझ्यासोबत एकाहून एक हुशार पोरं होती, इंग्रजी फाडफाड, थिअरी तोंडपाठ, पण मराठी कागद समोर आला की कुणीतरी भाषांतर केलेलं शोधायचे. तू घरात मराठी बोलतेस, बाहेर हिंदी-माळवी, म्हणजे कागदातले निम्मे शब्द तुझ्या कानावरून गेलेले आहेत. इंग्रजी दोन वर्षांत वाचून वाचून येतं. माझं आलं, मी पहिल्या सेमिनारला घामाने कागद भिजवला होता.

मोडी दोन-तीन महिन्यांत बसते, हात बसायला वर्ष. आधी आडवी रेघ मारून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, बोरू उचलायचा नाही, त्यामुळे शब्द कुठे संपला ते कागद सांगत नाही, तुला कळावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आणि दोन उभ्या रेघा ॥ आकड्यापुढे आल्या तर अर्धा, अक्षरापुढे आल्या तर शब्द तोडून लिहिलाय, म्हणजे ५॥ साडेपाच पण प॥ म्हणजे परगणे. माझ्या एमएच्या प्रबंधात एका अख्ख्या तक्त्यात मी अर्धे खाल्ले होते, बेरीज जुळेना म्हणून आठ दिवस पेशव्यांच्या कारकुनाला शिव्या घातल्या, चूक माझी निघाली.

सुदामानगरचे_काका | सकाळी ९:३०

हाहाहा. कारकून कधी चुकत नसतो, ऑडिटर चुकतो.

जिरावण | सकाळी ११:१५

भिया वो सब ठीक है, आधी त्या सनदेचा फोटो टाका, गाव कोणतं मिळालं ते बघू, प्लॉटचे भाव वाढलेत 😜

रामबागेतली_रेवा | दुपारी १:४०

आजोबा जेवून झोपलेत तेवढ्यात काढला फोटो. कागद जाडसर, पिवळट, वरच्या कडेला मधोमध दोन बोटं फाटलाय, घड्यांवर भोकं. खाली डावीकडे कसलीतरी छोटी आकृती आहे, आजोबा म्हणतात ती होळकरांची मुद्रा. वरती 'श्री' एवढं मला कळतंय.

बोरू_दौत | दुपारी २:५५

झूम करून बघितलं. वरच्या ओळीच्या शेवटी तारीख आहे, मी जसं दिसतं तसं लिहितो: 'सु॥ इसन्ने अशर मयातैन व अलफ'. हा शुहूर सन, अरबी आकडे अक्षरांत लिहायचे, एककापासून उलटे. इसन्ने दोन, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. करा बेरीज.

खिचडीवाली | दुपारी ३:०१

१२१२!

बोरू_दौत | दुपारी ३:१०

बरोबर. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे कारण हे वर्ष मृगाला, म्हणजे पावसाच्या तोंडाशी बदलतं. म्हणजे १८११ चा पावसाळा ते १८१२ चा उन्हाळा. काका, हे बघा तुमचं घरचं माप: पेरणीला सुरू होणारं वर्ष, अरबी आकडे, मराठी कारकून.

आणि रेवा, वर्ष कुठलंय बघ. ऑक्टोबर १८११ मध्ये यशवंतराव होळकर भानपुऱ्याला वारले. गादीवर लहानगा मल्हारराव, कारभार तुळसाबाईंकडे, पलटणींचे पगार थकलेले, पेंढारी गावं लुटतायत. पुढे इंग्रज अधिकारी माल्कम माळव्यात आला तेव्हा लोक या काळाला 'गर्दी का वक्त', म्हणजे धामधुमीचा काळ, म्हणत होते. इंदूर राजधानी व्हायला अजून सात वर्षं आहेत, ते इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसौर तहानंतर. तुझ्या कागदात तिसऱ्या ओळीत 'प॥ इंदूर' आहे, नुसता परगणा.

रामबागेतली_रेवा | दुपारी ३:३२

अंगावर काटा आला. पण मग सनद कुणी दिली, तुळसाबाईंनी?

बोरू_दौत | दुपारी ४:२०

दोनदा वाचलं म्हणून उशीर झाला. सनद नाही गं ही.

दुसऱ्या ओळीत 'कर्जरोखा लिहून दिल्हा ऐसाजे' असं स्वच्छ आहे. पुढे 'रुपये १२५ सालमशाई', आणि पुढच्या ओळीत 'दरमाहे दरसदे रुपये २'. म्हणजे तुमच्या पूर्वजाने सव्वाशे रुपये काढले, महिना शेकडा दोन टक्के. सालमशाई म्हणजे सलीमशाही, प्रतापगढच्या टांकसाळीचा रुपया, माळव्यात तेव्हा चालायचा. कुठला रुपया ते लिहावंच लागे कारण प्रत्येक टांकसाळीचा बट्टा, म्हणजे नाणं बदलताना होणारी कपात, वेगळा.

आणि ती खालची मुद्रा. मुद्रा असती तर अक्षरं असती, शेवटी मोर्तबाचा, म्हणजे मजकूर संपल्याचा, शिक्का असता. हा तराजू आहे. साक्षीदाराच्या नावापुढे काढलाय, बाजारातला शेटी नाहीतर महाजन असणार. पाटील नांगर काढायचा, हे लोक तराजू.

जिरावण | दुपारी ४:२४

गाव गेलं, उधारी निघाली 💀

सुदामानगरचे_काका | दुपारी ४:५०

वर्षाला चोवीस टक्के. आमच्या क्रेडिट कार्डापेक्षा स्वस्त आहे. अनसिक्युअर्ड दिसतंय, गर्दीच्या काळात एवढ्यावर कर्ज मिळालं म्हणजे माणसाची पत चांगली होती. हे त्यांना सांगा.

रामबागेतली_रेवा | दुपारी ४:५८

कुणाला सांगू 🙈 दसऱ्याला हळदकुंकू वाहतो आम्ही त्याला. आजोबा उठलेत.

डच_चीज | संध्याकाळी ६:३०

नेदरलँड्सहून लिहितोय, मूळचा ग्वाल्हेरचा. बाहेरचं विचारशील म्हणून आधीच सांगतो. इथे इतिहासाचं एमए वर्षभराचं असतं आणि लायडनला आशियाच्या या काळावर खरंच चांगलं काम होतं, हेगच्या नॅशनल अर्काइव्हमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद ओळीने पडलेत, १६०२ पासूनचे. पण ते वाचायला सतराव्या शतकातलं डच वळण शिकावं लागतं, ते मोडीपेक्षा सोपं नाही. आणि युरोपबाहेरच्यांना फी कितीतरी पट. स्कॉलरशिप नसेल तर घर गहाण टाकून येऊ नकोस, आत्ताच एक कर्जरोखा निघालाय तुमच्याकडे. एमए भारतात कर, पीएचडीला बाहेर बघ, तिथे पगार मिळतो.

बोरू_दौत | संध्याकाळी ७:१५

डच_चीजला दुजोरा. कॉलेजांचं थोडक्यात: दिल्ली, जेएनयू, हैदराबाद, बनारस वगैरे केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अलिगढ मध्ययुगीन आणि फारसीसाठी जुनं नावाजलेलं, शेती-महसुलाकडे बघायची नजर तिथे मिळते. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठ आहे आणि गायकवाडी दप्तराच्या शेजारी राहायला मिळतं, रियासतकार सरदेसाई त्याच संस्थानात नोकरीला होते. पुण्यात आलीस तर पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ दोन्ही सायकलच्या अंतरावर. सरदेसायांनी त्या दप्तरातून निवडून ४५ खंड काढले तरी ती निवडच, मागे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, सोडलं की आधी शिंक येते मग इतिहास.

आणि इंदुरातच राहायचं ठरलं तरी रडू नकोस. मंदसौर जिल्ह्यात सीतामऊला नटनागर शोध संस्थान आहे, महाराजकुमार रघुबीरसिंहांनी जमवलेला संग्रह, माळव्यावर काम करणारा प्रत्येक जण तिथे एकदा जातोच. फक्त एका दिवसात जाऊन-येऊन करू नकोस, राहायच्या तयारीने जा. दिल्लीच्या नॅशनल अर्काइव्हचं अभिलेख पटल घरबसल्या चाळता येतं. काही ठिकाणी मात्र डोकं शांत ठेवायचं. एका दफ्तरखान्यात, नाव घेत नाही, मला तीन दिवस 'साहेब रजेवर' ऐकवलं, चौथ्या दिवशी समजलं की किल्ली शिपायाकडेच होती, त्याला कुणी नीट विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी शिपायासोबत चहा पितो.

पोटापाण्याचं खरं सांगायचं तर वरण-भात पण उशिरा. एमएनंतर नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती लागली तर सध्या महिना ३७,००० मिळतात, नाही लागली तर गेस्ट लेक्चरर म्हणून तासावर पैसे, आणि असे दहा-दहा वर्षं काढलेले लोक मी बघतोय. बाबांचं बीएड अगदीच वेडेपणा नाहीये. एमएनंतरही करता येतं.

खिचडीवाली | संध्याकाळी ७:४०

हे कुणी सांगत नाही बघ. माझी भाची एमए होऊन दोन वर्षं बसली मग अनुवादाची कामं घ्यायला लागली, आता बरं चाललंय, पण ती दोन वर्षं घरात कुणाचा चेहरा बघवत नव्हता.

रामबागेतली_रेवा | रविवार, सकाळी १०:०५

काल रात्री आजोबांना सांगितलं. आधी ऐकूनच घेईनात, म्हणाले तुझ्या त्या दादाला मोडी येत नाही. मग फोन हातात घेऊन तो तराजू मोठा करून बघितला, बराच वेळ. काही बोलले नाहीत, देवघरात जाऊन बसले. मला वाटलं चुकलंच माझं, कशाला सांगितलं. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि एकच विचारलं, "फेडलं का रे त्याने?"

मला काय माहीत. दादा, हे कळतं का कागदावरून?

सुदामानगरचे_काका | सकाळी १०:२२

मी सांगतो, हा माझा विषय. डॉक्युमेंट कुणाच्या ताब्यात आहे? कर्ज बाकी असताना खत सावकाराकडे असतं. ऋणकोच्या घरात मूळ खत आहे याचा अर्थ काय?

बोरू_दौत | सकाळी १०:४०

काका 🙏 हे माझ्या आधी तुम्ही पकडलंत.

रेवा, तू लिहिलंस ना वरच्या कडेला मधोमध दोन बोटं फाटलाय. फोटोत बघ, बाकी कागद घड्यांवर विरलाय पण ही फाट घडीवर नाहीये आणि सरळ खाली आलीय, हाताने फाडलेली. रक्कम चुकती झाली की खत असं थोडं फाडून परत द्यायचे, म्हणजे पुन्हा कुणी वसुलीला आणू नये. आजोबांना सांग, फिटलंय.

आणि जाता जाता, सनद असती तर तिची नोंद दहा ठिकाणी सापडली असती. अशा बाजारातल्या उधारीवर, सलीमशाहीच्या बट्ट्यावर, गर्दीच्या वेळी कोण कुणाला कशावर पैसे देत होतं यावर काम करणारे फार नाहीत. एमएचा प्रबंध यावर निघू शकतो. आसपासच्या चार घरांत ट्रंका आहेत का ते विचार.

पाचवा_अटेम्प्ट | सकाळी १०:५८

आमच्याकडे आहे एक, तिलकनगरला. आजीच्या पोथ्यांखाली. आत्तापर्यंत पत्रिका समजत होतो.

रामबागेतली_रेवा | सकाळी ११:३०

सांगितलं आजोबांना. म्हणाले मग हळदकुंकू चालू ठेवायला हरकत नाही.

बाबा अजून बीएडवरच आहेत पण सीतामऊला सोडायला गाडी काढतो म्हणाले, परीक्षा झाल्यावर. पाचवा_अटेम्प्ट, तुमच्या कागदाचा फोटो टाका ना. उजेडात काढा, फ्लॅश नको.